कंपनीचा युनिफॉर्म घेताना माप कसं ठरवायचं

आयटीआय करून भोसरी, चाकण, वाळूज किंवा सातपूरच्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागलात की पहिल्या काही दिवसांतच स्टोअरच्या खिडकीतून विचारलं जातं, "साईज काय?" रांग मोठी असते, आत शिरून घालून बघायची सोय नसते, आणि बहुतेक मुलं "एल द्या" म्हणून मोकळी होतात. थोडं मोठं असलेलं बरं, धुऊन आटेलच, असा हिशेब असतो. शाळेच्या गणवेशाला हा हिशेब चालत होता. फिरत्या यंत्रापुढे तो धोक्याचा आहे, आणि बाकी कामांत रोज आठ तास अडचणीचा आहे.

धोका कशामुळे, ते आधी समजून घ्या. लेथचा चक किंवा ड्रिलचा स्पिंडल फिरत असताना सैल बाहीचं टोक त्यात अडकलं, तर कापड गुंडाळत जातं आणि कापडाबरोबर हात जातो. युनिफॉर्मचं जाड कापड (त्यालाही ड्रिल म्हणतात, यंत्राशी संबंध नाही) मुद्दाम मजबूत विणलेलं असतं, त्यामुळे ते फाटून माणूस सुटेल या भरवशावर राहता येत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने कलम २२ मध्ये चालत्या यंत्राची तपासणी करणाऱ्या, त्याला तेल-ग्रीस देणाऱ्या प्रशिक्षित कामगाराला अंगाबरोबर बसणारे कपडे सक्तीचे केले, आणि ते मालकाने पुरवायचे असंही त्याच कलमात लिहिलं. म्हणून चुकीच्या मापाचा शर्ट परत करून दुसरा मागताना संकोच करू नका. त्यात लाड नाहीत.

पायरी १ : आधी काम विचारा, मग साईज

एकाच माणसाला दोन वेगळ्या विभागांत दोन वेगळ्या फिटिंगचे कपडे लागू शकतात. त्यामुळे सुपरवायझरला पहिला प्रश्न हा विचारा की मी कुठे उभा राहणार आहे.

लेथ, मिलिंग, ड्रिल, कन्व्हेयर अशा फिरत्या गोष्टींजवळ असाल तर शर्ट छातीत बेताचा हवा, बाही मनगटावर बटणाने बंद झाली पाहिजे आणि शर्ट पँटमध्ये खोचलेला राहिला पाहिजे. खोचलेला शर्ट हात वर केल्याबरोबर बाहेर येत असेल तर तो आखूड आहे. छातीत कितीही छान बसला असला तरी तो तुमच्या कामाचा नाही. फिरत्या ड्रिलवर आणि लेथवर हातमोजे घालायचे नसतात, हेही इथेच सांगून ठेवतो.

वेल्डिंग, गॅस कटिंग किंवा फाउंड्रीत गणित बदलतं. तिथे कापड पूर्ण सुती हवं, कारण पॉलिस्टर ठिणगीने वितळतं आणि कातडीला चिकटतं. अंग आणि कापड यांच्यामध्ये थोडी हवा राहिली तर झळ कमी पोचते, म्हणून शर्ट जरा ऐसपैस चालतो. मात्र गळा आणि मनगट बंद हवं. पँटचा बॉटम बुटावर उतरला पाहिजे. लांब झाली म्हणून बाहेरून दुमडून घेतलेली पँट वेल्डरने कधी घालू नये, कारण त्या दुमडीत ठिणगी जाऊन बसते. बुटात खोचलेली पँटही तितकीच वाईट, ठिणगी घरंगळत थेट बुटात उतरते. खिसे, विशेषतः छातीवरचे, झाकणाचे हवेत.

मेंटेनन्सवाल्यांचं सगळं काम वाकून, उकिडवं बसून, शिडीवर चढून. त्यांना बहुधा बॉयलर सूट, म्हणजे शर्ट-पँट एकत्र जोडून शिवलेला पोशाख, मिळतो आणि त्याची स्वतंत्र डोकेदुखी आहे, ती पुढे येईलच. खाद्यपदार्थ आणि औषधांच्या कारखान्यांत फिटिंगपेक्षा काही सुटून मालात पडू नये ही काळजी मोठी, म्हणून तिथे टिचबटणं असतात आणि वरचे खिसे नसतात. तिथला कोट गुडघ्यापर्यंत आला आणि हालचालीला आड आला नाही की झालं.

पायरी २ : घरी बसून मापं घ्या

शिंप्याची मेजपट्टी दहा-वीस रुपयांत मिळते. घरातल्या कुणाला तरी मापं घ्यायला सांगा, स्वतःची स्वतः घेतली की पट्टी तिरकी होते. कामावर आत जे घालणार आहात, बनियन किंवा टी-शर्ट, ते घालूनच मापं घ्या.

छाती मोजताना पट्टी काखेखालून सर्वांत भरलेल्या भागावरून न्या, मागे ती पाठीवर खाली घसरलेली नाही ना ते बघा, आणि श्वास नेहमीसारखा चालू ठेवा. पोट आत ओढून घेतलेल्या कमरेचा काही उपयोग नाही. कंबर मोजताना तरुण मुलांचा हमखास घोटाळा होतो, कारण जीन्स बरीच खाली, कुल्ल्यांवर बसते आणि तिच्यावरचा ३२ हाच आपला नंबर असं डोक्यात पक्कं असतं. युनिफॉर्मची पँट त्याच्या वर, बेंबीच्या थोडी खाली बसेल अशी बेतलेली असते. तिथे पट्टी लावून मोजा. ती पँट जीन्ससारखी खाली घातली तर तिचं आसन, म्हणजे कमरेपासून जांघेपर्यंतचा भाग, लोंबतं, आणि आसन लोंबलं की पाय उचलायला अडतो. शिडीच्या पायरीवर हे लगेच कळतं.

सीटचं माप नितंबांच्या सर्वांत रुंद भागावरून घ्या. पायाची आतली लांबी जांघेपासून घोट्याच्या हाडाच्या खालपर्यंत. बाहीची लांबी घेताना कोपर थोडं वाकवा आणि खांद्याच्या हाडापासून कोपरावरून मनगटापर्यंत पट्टी न्या. हात सरळ ठेवून घेतलेली बाही काम करताना तोकडी पडते.

बॉयलर सूट मिळणार असेल तर आणखी एक माप लागतं आणि ते सहसा कुणी घेत नाही. एका खांद्याच्या मध्यापासून पट्टी पुढून खाली सोडा, जांघेतून मागे घ्या आणि पाठीवरून परत त्याच खांद्यावर आणा. हे धडाचं पूर्ण माप. उभं राहून एकदा घ्या आणि उकिडवं बसून एकदा घ्या. बसल्यावर पाठ ताणली जाते आणि आकडा काही इंचांनी वाढतो. तेवढी जादा जागा त्या सूटमध्ये असायलाच हवी, नाहीतर प्रत्येक वेळी खाली बसताना तो खांद्यावर आणि जांघेत एकदम काचतो.

सगळे आकडे इंच आणि सेंटीमीटर दोन्हींत फोनमध्ये लिहून ठेवा. एक इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर.

पायरी ३ : लेबलवरचा आकडा कशाचा आहे ते ओळखा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून थोडं सावकाश.

दुकानातल्या नामांकित फॉर्मल शर्टवर ३९, ४०, ४२ असे आकडे असतात. ते कॉलरचे सेंटीमीटर असतात. ४० नंबरचा फॉर्मल शर्ट म्हणजे ४० सेंटीमीटरची कॉलर. बॉयलर सूटवर किंवा युनिफॉर्मच्या शर्टवर तोच ४० लिहिलेला असेल तर तो बहुतेक वेळा छातीचे इंच सांगतो. दोन्हीकडे ४० असला तरी आकड्यांचा एकमेकांशी संबंध नाही. "मी ४० चा शर्ट घालतो" असं स्टोअरमध्ये सांगण्याआधी तो ४० कशाचा, हे घरचा शर्ट बघून ठरवा.

पुढचा पेच असा की छातीचा तो आकडा तुमच्या अंगाचा आहे की कपड्याचा? काही उत्पादक "४० छातीच्या माणसासाठी" या अर्थाने ४० लिहितात आणि शर्ट प्रत्यक्षात ४४ इंचांचा शिवतात. काही लहान युनिटमध्ये तयार शर्टच ४० भरतो. तो ४० छातीच्या माणसाने घातला तर बटणं ताणतात, कारण विणलेलं ड्रिल कापड टी-शर्टसारखं ताणलं जात नाही. साध्या युनिफॉर्म शर्टला अंगापेक्षा चार ते सहा इंच जास्त छाती लागते. आतल्या कपड्यांवरून घालायच्या बॉयलर सूटला त्याहून थोडी जास्त.

एम, एल, एक्सएल यांवर तर अजिबात विसंबू नका. एका पुरवठादाराचा एम ३८ ला, दुसऱ्याचा ४० ला. आपल्या लोकांच्या अंगाची देशव्यापी मापं घेऊन त्यांवर बेतलेला स्वतःचा तक्ता आपल्याकडे वर्षानुवर्षं नव्हता. परदेशी तक्ते थोडे इकडेतिकडे करून वापरले गेले आणि प्रत्येकाने आपापल्या परीने केले. निफ्ट या फॅशनचं शिक्षण देणाऱ्या संस्थेने 'इंडियासाइझ' नावाने मापांची पाहणी हाती घेतली ती याच कारणाने. त्यात मुंबईसह सहा शहरांत थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायची योजना होती. त्याचा फायदा स्टोअरच्या खिडकीपर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. आज मेजपट्टीच खरी.

लेबलला बगल द्यायची सोपी पद्धत अशी. तुम्हाला उत्तम बसणारा, न ताणणाऱ्या कापडाचा एक शर्ट घ्या. बटणं लावून तो टेबलावर सपाट पसरा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. २२ इंच भरले तर शर्टाची छाती ४४. आता कंपनीचा शर्ट तसाच पसरून मोजा. एक इंचापर्यंतचा फरक चालतो, तीन इंचांचा फरक असेल तर दुसरी साईज मागा. पँटची कंबर आणि आसनही याच पद्धतीने तुलना करता येतं. रांगेत उभ्या उभ्या हे दोन मिनिटांत होतं, आणि स्टोअरवाले काका सुरुवातीला कपाळाला आठ्या घालतात, पण बदलून घ्यायला परत येणारे कमी झाले की तेच दुसऱ्यांना असं मोजायला सांगतात.

पायरी ४ : उभं राहून आरशात बघू नका, हालचाल करून बघा

नुसतं उभं असताना कपडा चांगला दिसणं आणि कामात चांगला बसणं, यांत बरंच अंतर आहे. मिळालेला सेट घातल्यावर या हालचाली करा : दोन्ही हात डोक्यावर, मग दोन्ही हात समोर घेऊन घट्ट मिठी मारल्यासारखे, मग पूर्ण उकिडवं बसणं, मग एक पाय खुर्चीवर ठेवून पुढे वाकणं.

हात वर केल्यावर बाही मनगटावरून थोडी वर सरकणारच. ती अर्ध्या पंजाहून जास्त सरकली किंवा शर्ट पँटमधून निघाला तर गडबड आहे. इथे बहुतेक जण मोठी साईज मागतात आणि त्रास वाढवून घेतात. दोष बहुधा छातीत नसतो, मुंढ्यात असतो. मुंढा म्हणजे बाही जिथे जोडली जाते तो गोल. तो खोल, काखेच्या बराच खाली उतरलेला असेल तर हात उचलताना बाही एकटी वर जात नाही, ती सगळा शर्ट ओढून नेते. मोठ्या साईजमध्ये मुंढा आणखी खोल होतो, म्हणजे ओढ आणखी वाढते. मुंढा काखेजवळ असेल आणि बाही थोडी रुंद असेल तर हात मोकळा फिरतो. काही चांगल्या वर्कवेअरमध्ये काखेत कळी, म्हणजे कापडाचा जादा चौकोनी तुकडा, टाकलेली असते, किंवा पाठीवर दोन्ही खांद्यांजवळ प्लेट्स (चुण्या) असतात. त्या शोभेसाठी नसतात. असा कपडा निवडायची संधी मिळाली तर तोच घ्या.

मिठी मारल्यावर पाठ ताणत असेल तर शोल्डर अरुंद आहे आणि तिथे मात्र मोठी साईज हवीच, कारण शोल्डर शिंप्याला वाढवता येत नाही. शोल्डरची शिवण दंडावर उतरत असेल तर कपडा मोठा आहे आणि बाही हातावर येणार.

उकिडवं बसल्यावर पँट मागे खाली ओढली गेली, तर आसन आखूड आहे. मांड्यांत ताणली तर सीट कमी आहे. कंबर सैल पण सीट बरोबर असेल तर घ्या, कंबर शिंपी आत घेऊ शकतो. उलट असेल तर घेऊ नका.

बॉयलर सूट उभं राहिल्यावर ठीक आणि बसल्यावर खांद्यात काचत असेल तर धडाची उंची कमी पडते आहे. एक साईज मोठा घेतला की रुंदीही वाढते आणि उंच, सडपातळ मुलाच्या अंगावर कमरेपाशी कापड झुलायला लागतं. आधी विचारा की याच छातीत लाँग आहे का. पुष्कळ उत्पादक रेग्युलर आणि लाँग दोन्ही शिवतात, स्टोअरने मात्र एकच मागवलेला असतो. सोलापूरसारख्या, युनिफॉर्म शिवणं हा जिथला मोठा धंदा आहे अशा ठिकाणाहून माल येत असेल, तर पुढच्या ऑर्डरमध्ये लाँगचे थोडे नग घालणं कठीण नसतं. मागणी कुणीतरी लेखी द्यावी लागते, एवढंच. लाँग मिळेपर्यंत कंपनी परवानगी देत असेल तर शर्ट-पँट वापरा.

पायरी ५ : आधी धुवा, मग शिंप्याकडे जा

सुती कापड आटतं. गिरणीतच आटवून घेतलेलं, म्हणजे सॅनफोराइज्ड कापड फार कमी आटतं. स्वस्त ड्रिल तीन टक्के किंवा त्याहूनही जास्त आटू शकतं. ४० इंच लांबीच्या पँटला तीन टक्के म्हणजे सव्वा इंच जवळजवळ. नवी कोरी पँट बरोबर घोट्यावर आणून शिवली आणि दोन धुण्यांनी ती वर चढली, असं होऊ देऊ नका. दोनदा धुऊन, वाळवून मगच उंची कमी करा आणि आतल्या बाजूला दीड-दोन इंच माया, म्हणजे दुमडलेलं जादा कापड, ठेवायला सांगा. तुरपाई आतून पक्की करून घ्या. पॉलिस्टर मिसळलेलं कापड कमी आटतं, पण मे महिन्यात बुटीबोरी किंवा चंद्रपूरला पत्र्याच्या शेडमध्ये काम असेल तर सुतीचा थोडा त्रास परवडला.

बाही आखूड करणं, पँटची उंची, कंबर आत घेणं, बाजूच्या शिवणी थोड्या दाबणं, एवढं कुठलाही शिंपी करतो. दोन गोष्टी मात्र त्याला करू देऊ नका. ज्वालारोधक कपड्यावर साध्या पॉलिस्टर दोऱ्याने शिवण घालायची नाही, कारण आच लागली की दोरा आधी वितळतो आणि शिवण उघडते. आणि चमकणाऱ्या पट्ट्या असलेल्या कपड्यात पट्टी कापायची किंवा दुमडीत लपवायची नाही. असे कपडे मोठे होत असतील तर परत करून योग्य साईजच घ्यावी.

कामगार बहिणींसाठी

असेंब्ली, वायरिंग हार्नेस, पॅकिंग अशा विभागांत आता पुष्कळ मुली आहेत, आणि तरीही त्यांच्या हातात बऱ्याचदा पुरुषांच्या पॅटर्नचा युनिफॉर्म दिला जातो. ही गोष्ट बदलायला हवी असं मला मनापासून वाटतं. पुरुषी पॅटर्नमध्ये शोल्डर रुंद आणि सीट अरुंद असते, त्यामुळे सीटला बसेल असा शर्ट घेतला की बाही बोटांवर येते आणि शोल्डर दंडावर लोंबतो. मिळेल त्यात निवडायचं झालं तर शर्ट शोल्डर आणि छाती बघून घ्या आणि बाजूला चिरा देऊन सीटपाशी मोकळा करून घ्या. यंत्रापाशी शर्ट खोचून वापरायचा असेल तर चिरा नकोत, खोचल्यावर टिकेल एवढी लांबी बघा. पँट मात्र सीट बघून घ्या आणि कंबर आत घ्या.

बॉयलर सूट शक्यतो टाळा, शर्ट-पँट मागा. टॉयलेटला जाताना अख्खा सूट खांद्यावरून उतरवावा लागतो, आणि ते टाळायला मुली दिवसभर पाणी कमी पितात. एकट्या मुलीला हे सुपरवायझरला सांगणं अवघड वाटतं, म्हणून चौघी-पाचजणींनी मिळून सेफ्टी कमिटीतल्या महिला सदस्याकडे लेखी द्या. ओढणी, मोकळी वेणी, लोंबणारं मंगळसूत्र फिरत्या यंत्राजवळ नको. वेणी टोपीत, मंगळसूत्र काढून लॉकरमध्ये. काढायचं नसेल तर निदान बंद गळ्याच्या आत.

बूट आणि हातमोजे

सेफ्टी शूजमध्ये बोटांवर स्टीलची किंवा कंपोझिटची टोपी असते. ती २०० जूलचा आघात सोसेल अशी तपासलेली असते आणि ती कधीच सैल होत नाही. साधा बूट वापरून पायाला बसतो, ही टोपी बसणार नाही. त्यामुळे "घालून घालून होईल" हे इथे विसरा. पाय दिवसभरात सुजतो, म्हणून बूट संध्याकाळी, कामाचे जाड मोजे घालून बघा. टाच मागे टेकवल्यावर पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मग उकिडवं बसा : टोपीची मागची कड बोटांच्या सांध्यावर रुतत असेल तर तो बूट नको, नंबर कितीही बरोबर असू द्या. आपल्याकडे पाय पुढे रुंद असणारे बरेच जण आहेत. त्यांनी एक नंबर वाढवण्याआधी रुंद फिटिंग मिळतं का बघावं, कारण मोठ्या नंबरमध्ये टाच उचलली जाते आणि पायऱ्या उतरताना माणूस अडखळतो.

भारतात बुटाचे नंबर ब्रिटिश पद्धतीचे. ८ नंबर म्हणजे युरोपचा साधारण ४२, आणि अमेरिकेचा साधारण ९. बुटाच्या आत जिभेवर दोन-तीन आकडे छापलेले असतात, त्यांतला कुठला तुमचा ते बघून बोला. मुलींना ४ किंवा ५ नंबर लागतो आणि स्टोअरमध्ये ६ पासून सुरुवात असते. बुटात कापूस भरून चालवू नका, तो नंबर मागवायला लावा.

हातमोज्यांची साईज काढायला पंजाचा घेर, अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी मोजा. आठ इंच भरला तर साईज ८, नऊ भरला तर ९. बोटांच्या टोकाला रिकामं कापड राहिलं तर पकड जाते.

परदेशी निघालेल्यांसाठी

आखातात किंवा युरोपात कामाला जाणाऱ्यांच्या कव्हरऑलवर (म्हणजे बॉयलर सूटवर) सी४८, सी५० असे आकडे दिसतील. युरोपातला हा आकडा छातीच्या सेंटीमीटरचा निम्मा असतो. ४० इंच छाती म्हणजे जवळजवळ १०२ सेंटीमीटर, त्याचे निम्मे ५१, म्हणून ५० घालून बघा आणि घट्ट वाटला तर ५२. संरक्षक कपड्यांच्या लेबलवर माणसाची छोटी आकृती काढून तिच्या बाजूला उंची आणि छातीचे सेंटीमीटर दिलेले असतात; ते अंगाचे असतात, कपड्याचे नाहीत. अमेरिकी पँटवर ३२ आणि ३० असे दोन आकडे असतील तर पहिला कमरेचा, दुसरा पायाच्या आतल्या लांबीचा, दोन्ही इंचांत. अमेरिकी वर्कवेअर मुळातच ऐसपैस बेतलेलं असतं, तिथे एक साईज खालचा आधी घालून बघा. एजंट किंवा कंपनी निघण्याआधी साईज विचारते तेव्हा "एल" एवढंच कळवू नका. उंची, छाती, कंबर, सीट आणि पायाची आतली लांबी सेंटीमीटरमध्ये लिहून पाठवा, बुटाच्या नंबरापुढे भारतीय की युरोपीय तेही लिहा.